मेंदू ‘तथास्तु’ म्हणत नाही

ठाणे-नवी मुंबईतल्या ऐरोली, महापे, वागळे इस्टेट इथल्या ऑफिसांत अप्रेझलचा हंगाम जवळ आला की आत्मविश्वासाच्या कार्यशाळांनाही बहर येतो. अशाच एका कार्यशाळेचं पत्रक परवा ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये हाती पडलं. ‘रोज सकाळी आरशासमोर २१ वेळा म्हणा, मी यशस्वी आहे. मेंदूला खरं-खोटं कळत नाही. तुम्ही सांगाल ते तो मान्य करतो.’

घरात कोणी अभद्र बोललं की आपल्याकडे ‘वास्तू तथास्तु म्हणते’ असं सांगून दटावतात. पत्रकवाल्यांनी वास्तूच्या जागी मेंदू बसवला आणि वर फी लावली, एवढंच.

मनातल्या बोलण्याचा कामावर परिणाम होतो, यात शंका नाही. पण तो मेंदू भोळा आहे म्हणून होत नाही. उलट ‘हे बोलणारा मीच’ अशी नोंद मेंदू शब्द उमटायच्या आतच करून ठेवतो. ती कशी, हे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एक डोळा झाका. उघड्या डोळ्याच्या बाहेरच्या कडेला, पापणीवरून, बोटानं अगदी हलकेच दाबा. समोरची भिंत हलल्यासारखी वाटेल. आता बोट काढून तोच डोळा डावीकडून उजवीकडे फिरवा. दृष्टिपटलावरची प्रतिमा या वेळी कितीतरी जास्त सरकली, तरी भिंत जागची हलली नाही. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाला १९व्या शतकातच हे कोडं पडलं होतं. उत्तर असं, की डोळ्याच्या स्नायूंना ‘फिरा’ असा आदेश जातो तेव्हा त्याची एक प्रत दृष्टीच्या विभागालाही जाते, ऑफिसच्या ई-मेलमधल्या सीसीसारखी. प्रतिमा किती सरकणार हे त्या विभागाला आधीच कळतं आणि तेवढं सरकणं तो वजा करतो. बोटानं ढकललेल्या डोळ्याच्या बाबतीत अशी प्रत गेलेलीच नसते, म्हणून भिंत हलते.

१९५० साली फॉन होल्स्ट आणि मिटेलश्टेट या जोडीनं एका माशीचं डोकं १८० अंशांत फिरवून तसंच पक्कं केलं. म्हणजे डावा डोळा उजवीकडे, उजवा डावीकडे. माशी स्वतःहून जरा वळली की जे दृश्य वजा व्हायला हवं ते उलट्या दिशेनं येऊन बेरीज व्हायची, आणि ती बिचारी स्वतःभोवती गरगरत राहायची. या प्रतीला त्यांनी नाव दिलं ‘एफरन्स कॉपी’. त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर स्पेरी माशाचा डोळा उलटा बसवून स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचले. स्वतःला गुदगुल्या का होत नाहीत, याचं उत्तरही हेच. आपल्या बोटांचा स्पर्श कसा लागणार हे अनुमस्तिष्काला, म्हणजे मेंदूच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूला, आधीच ठाऊक असतं.

आता बोलण्याकडे येऊ. आवाज कानावर पडल्यावर साधारण १०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत आलेखात एक ऋण लाट उमटते, तिला एन-१ म्हणतात. आवाज स्वतःचाच असेल तर ही लाट लहान असते, कारण सीसी आधीच पोचलेली असते. २०१७ साली सिडनीतल्या संशोधकांनी याच्या पुढचा प्रश्न विचारला. ओठ न हलवता, फक्त मनात बोललं तर? लोकांनी ठरलेल्या क्षणी मनात ‘बा’ म्हणायचं आणि नेमकं तेव्हाच हेडफोनमध्येही ‘बा’ वाजवायचं. एन-१ लहान झाली. हेडफोनमध्ये ‘बी’ वाजवलं, तर झाली नाही. म्हणजे मूक शब्दाचीही प्रत निघते आणि तिच्यात कोणता उच्चार आहे, इतका तपशील असतो.

ही प्रत नीट पोचली नाही तर स्वतःचाच आतला आवाज परका वाटू शकतो. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारात ऐकू येणाऱ्या आवाजांचं एक संभाव्य स्पष्टीकरण हेच मानलं जातं. अशा माणसाला आजही मांत्रिकाकडे नेलं जातं, आणि तेही ठाण्यात, जिथे शंभर वर्षांहून जुनं सरकारी मनोरुग्णालय उभं आहे!

अर्थात ही नोंद ऐकण्याच्या पातळीवरची झाली. वाक्य पटतं की नाही हा वेगळा प्रश्न, आणि त्यावर कॅनडात जोआन वुड यांनी २००९ साली सरळ प्रयोग केला. लोकांना घंटा वाजली की ‘माझ्यावर प्रेम करावं अशी मी व्यक्ती आहे’ असं मनाशी म्हणायला सांगितलं. ज्यांचं स्वतःविषयीचं मत मुळात चांगलं होतं त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचं वाईट होतं त्यांना आणखी वाईट. वाक्य उच्चारताच त्याच्याविरुद्धचे पुरावे आठवत असावेत. आरशाचा उपाय ज्यांना विकला जातो, त्यांच्यावरच तो उलटतो.

मग काय चालतं? मिशिगन विद्यापीठाचे ईथन क्रॉस आणि सहकारी यांनी २०१४ साली लोकांना पाच मिनिटांत भाषण तयार करायला लावलं, ‘आवडत्या नोकरीसाठी मी कसा योग्य आहे’ यावर. आधी काहींनी स्वतःचा विचार ‘मी’ म्हणून केला, काहींनी ‘तू’ म्हणून किंवा स्वतःचं नाव घेऊन. ‘तू’ म्हणणाऱ्यांची किंवा नाव घेणाऱ्यांची धाकधूक कमी राहिली, परीक्षकांच्या मते ते बोललेही बरे आणि नंतर उगाळत कमी बसले. २०१७ साली जेसन मोझर यांच्या गटाला दिसलं, की स्वतःचं नाव घेऊन विचार केल्यानं नकोशा चित्रांवरची भावनिक प्रतिक्रिया पहिल्या सेकंदातच उतरते, आणि त्यासाठी मेंदूला वेगळा जोर लावावा लागल्याचं दिसत नाही. (संतकवी अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव घालतात ती नाममुद्रा, कवीची सही. ‘आपल्या पूर्वजांना न्यूरोसायन्स ठाऊक होतं’ असा मेसेज फिरवण्याआधी जरा थांबा.)

हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांचा उपाय त्याहून सोपा. छाती धडधडत असताना ‘मी शांत आहे’ म्हणणं शरीरालाच खोटं पाडणं झालं. ‘मला उत्साह वाटतोय’ म्हणणाऱ्यांची भाषणं आणि गाणी जास्त चांगली झाली, कारण धडधड भीतीत आणि उत्साहात सारखीच असते.

म्हणून मीटिंगच्या दाराशी ‘मी सर्वोत्तम आहे’पेक्षा ‘स्नेहा, आधी खर्चाचा आकडा सांग, मग प्रश्न घे’ हे जास्त उपयोगी. खेळाडूंवरच्या ३२ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०११ साली झालं. त्यात स्वसंवादाचा परिणाम मध्यम निघाला, आणि बारीक कौशल्याच्या कामात अशा सूचनावजा बोलण्यानं विशेष फायदा दिसला.

मध्यमच, हे लक्षात असू द्या. ‘हे मला जमेल’ हा विश्वास कुठून येतो, याचे चार स्रोत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली मांडले. शाब्दिक धीर त्यांपैकी एकच, आणि तुलनेनं दुबळा. सगळ्यात भक्कम स्रोत म्हणजे काम स्वतः करून जमल्याचा अनुभव. नवीन मुलांना क्लायंट कॉलवर वर्षभर माइक बंद ठेवून बसवायचं आणि वर्षाअखेरीस त्यांच्यासाठी कार्यशाळा विकत घ्यायची, यापेक्षा कॉलवरची पाच मिनिटं त्यांना बोलायला दिलेली स्वस्त पडतील.