शिंगराचा पोटशूळ

शिंगराचा पोटशूळ : घोड्याच्या पिल्लाच्या पोटात उठणाऱ्या वेदनेचे हे सर्वसाधारण नाव आहे. पोटशूळ हा एकच एक रोग नसून अनेक विकारांचे समान लक्षण आहे आणि शिंगराच्या बाबतीत त्यामागचे कारण बहुधा त्याच्या वयावरून ओळखू येते. घोड्याला ओकारी होत नाही. त्यामुळे आतड्यात अडथळा आला की वायू आणि द्रव मागे जठरात साचतात, आणि ते वेळीच नळीने काढले नाहीत तर जठर फुटू शकते. शिंगराजवळ साखरेचा व पाण्याचा साठा अगदी थोडा असल्याने मोठ्या घोड्यापेक्षा ते कितीतरी लवकर खालावते.

लक्षणे : मोठा घोडा पायाने जमीन उकरतो, कुशीकडे वळून पाहतो आणि लोळतो. शिंगरूही हे करते; शिवाय ते पाठीवर उताणे पडून राहते, दात खाते, शेपटी सतत हलवते. परंतु सर्वांत आधी दिसणारी खूण पुष्कळदा घोडीच्या कासेत सापडते. निरोगी शिंगरू पहिल्या आठवड्यात तासाभरात अनेकदा पिते आणि दिवसाला आपल्या वजनाच्या सुमारे २० ते २५ टक्के दूध घेते. म्हणून कास तटतटून भरलेली, सडांतून दूध ठिबकत असलेले आणि शिंगराच्या तोंडावर वाळलेले दूध दिसले, तर ते आचळापाशी जाते पण पीत नाही असे समजावे. मोतद्दाराने दिवसातून अनेकदा कासेला हात लावून पाहण्याची सवय ठेवावी. या एका सवयीने अनेक शिंगरे वेळेत हाती लागतात.

नवजात शिंगरू : पहिल्या एकदोन दिवसांतील शूळाचे नेहमीचे कारण म्हणजे गर्भावस्थेत आतड्यात साठलेली काळपट, चिकट पहिली लीद अडकणे. ती सामान्यतः जन्मानंतर २४ तासांच्या आत बाहेर पडते आणि तिच्यामागून दुधाची पिवळसर लीद येते. नर शिंगराच्या कटीची वाट अरुंद असल्याने त्यांच्यात हा अडथळा अधिक आढळतो. चीक सौम्य रेचकाचे काम करतो, म्हणून लवकर चीक पाजणे हा येथे पहिला उपाय ठरतो. चिकातील प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी द्रव्ये) शोषून घेण्याची आतड्याची क्षमताही जन्मानंतर सुमारे २४ तासांत संपते, तेव्हा चीक न मिळालेल्या शिंगराला शूळाबरोबरच रक्तात रोगजंतू पसरण्याचा धोकाही असतो. कोमट साबणपाण्याचा एनिमा मऊ नळीने, पाणी आपोआप उतरेल इतक्याच दाबाने देतात. कडक नळीने किंवा बोटाने लीद उकरून काढण्याचा प्रयत्न केल्यास नाजूक गुदाशय फाटू शकतो. बाजारात मिळणारे फॉस्फेटचे एनिमा पुन्हापुन्हा दिल्यास रक्तातील फॉस्फेट धोकादायक पातळीला पोहोचते.

लीद अडकलेल्या शिंगराप्रमाणे मूत्राशय फुटलेले शिंगरूही कुंथते, आणि तेथे फसगत होते. लिदीसाठी कुंथताना पाठीला बाक येऊन ती वर उचलली जाते. लघवीसाठी कुंथणारे शिंगरू पाय ताणून पाठ खाली खचवते. दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास मलूलपणा, फुगत जाणारे पोट आणि थेंबथेंब लघवी दिसली, तर एनिमा देत बसणे घातक आहे. येथे शस्त्रक्रियाच लागते. याखेरीज रोटाव्हायरसची हगवण, जठरातील व्रण, आतड्याला पडलेला पीळ आणि आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरणे हीही कारणे आढळतात.

जंतांमुळे होणारा शूळ : दूध तुटण्याच्या सुमारास आणि त्यानंतर काही महिने पॅरास्कॅरिस जातीचा गोल जंत हे मोठे कारण असते. याची अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात, अळ्या यकृत व फुप्फुसांतून फिरून लहान आतड्यात परततात आणि तेथे ३० सेंटिमीटरहून लांब वाढतात. जंतांचा भार मोठा असताना त्यांना एकदम लुळे पाडणारे आयव्हरमेक्टिन किंवा पायरँटेल दिले, तर मेलेल्या जंतांचा बोळा होऊन आतडे बंद पडते; शूळ बहुधा औषधानंतरच्या एकदोन दिवसांत उठतो. म्हणूनच दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या सारंगखेड्याच्या (जि. नंदुरबार) घोडेबाजारासारख्या ठिकाणाहून आणलेल्या शिंगराचा पूर्वीचा औषधोपचार ठाऊक नसेल, तर त्याला उतरवताच जंताचे औषध पाजू नये. आधी लीद तपासून घ्यावी आणि सावकाश काम करणारे फेनबेंडाझोलसारखे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने निवडावे.

शुश्रूषा : पशुवैद्य येईपर्यंत शिंगरू घोडीपासून तोडू नये, कारण विरहाच्या घाबरटपणाने दोघांचीही अवस्था बिघडते. जाड, कोरडे अंथरूण द्यावे. जोराने लोळत असेल तर थोडे चालवावे, मात्र दमेपर्यंत फिरवू नये. बाटलीने तेल, हिंगाचे पाणी किंवा काढा पाजणे टाळावे, कारण तो द्रव श्वासनलिकेत उतरून फुप्फुसदाह होतो. वेदनाशामकेही परस्पर देऊ नयेत : फ्लुनिक्सिनसारखी औषधे पाणी कमी पडलेल्या शिंगराच्या जठरात व्रण पाडतात, मूत्रपिंडांना इजा करतात आणि शस्त्रक्रियेची गरज दाखवणारी वेदनाही झाकतात. नाडी, ताप, हिरड्यांचा रंग, शेवटची लीद व लघवी यांची वेळेसह नोंद ठेवावी. नाडी मोजताना पहिल्या आठवड्यात मिनिटाला ८० ते १०० ठोके स्वाभाविक असतात हे ध्यानात ठेवावे. मोठ्या घोड्यात हीच संख्या २८ ते ४४ असते.

पशुवैद्याने दूध थांबवण्यास सांगितले, तर शिरेवाटे ग्लुकोजयुक्त द्रव चालू ठेवतात आणि घोडीचा पान्हा आटू नये म्हणून तिला दर दोन तासांनी हाताने पिळतात. शूळ थांबल्यावर दूध थोडेथोडे सुरू करतात आणि पुढील दोनतीन दिवस प्रत्येक लीद पाहतात.