जबरदस्तीच्या लग्नाविरुद्ध अर्ज : बेळगाव भागात कुठे जायचं, काय न्यायचं

जिवावर बेतलं असेल तर अर्ज-बिर्ज नंतर, आधी ११२ ला फोन. तेवढी घाई नसेल तर मात्र घर सोडण्याआधी अर्ज द्या. आधी चंदगड-कोल्हापूरला पाहुण्यांकडे निघून गेलात, की घरचे ‘मुलगी बेपत्ता’ म्हणून तक्रार देतात आणि ठाण्यातला पहिला कागद त्यांचा होतो. सौंदत्ती तालुक्यातल्या मुरगोड ठाण्याचं प्रकरण असंच सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. मुलगी सज्ञान, स्वतः कॉलेजात शिकवणारी. तरी तिने ठाण्यात येऊनच जबाब द्यावा, असा तपास अधिकाऱ्याचा हट्ट. ८ फेब्रुवारी २०२१ ला कोर्टाने एफआयआर रद्द केला आणि दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवल्यावर घरच्यांची किंवा समाजाची संमती लागत नाही, हे पुन्हा सांगितलं.

मुलीने जायचं ते तालुक्याच्या सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) ऑफिसात. अंगणवाड्या ज्यांच्या हाताखाली असतात तेच हे अधिकारी. कर्नाटकात २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याचं कामही त्यांच्याकडे आहे. (आपल्याच गल्लीतल्या अंगणवाडी ताईंमार्फत निरोप धाडू नका. तो संध्याकाळपर्यंत घरी पोचतो.) हा कायदा फक्त सासरच्या छळासाठी आहे असं पुष्कळांना वाटतं. पण त्याच्या नमुना १ मध्ये, म्हणजे छळाची माहिती लिहायच्या छापील फॉर्ममध्ये, मनाविरुद्ध लग्नाला भाग पाडणं आणि पसंतीच्या माणसाशी लग्न करू न देणं, हे दोन्ही प्रकार छापलेले आहेत. अविवाहित मुलगी वडील-भावाविरुद्धही अर्ज करू शकते. हा अर्ज पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जातो आणि तिथली पहिली तारीख साधारणपणे ३ दिवसांत लागावी, असं कायदा म्हणतो.

दोघांना मिळून पोलीस संरक्षण हवं असेल तर अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षकांना, बेळगाव शहराच्या हद्दीत पोलीस आयुक्तांना. त्यात सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालाचा उल्लेख करा. अशा जोडप्यांना संरक्षण आणि सुरक्षित निवारा देण्याचे आदेश त्यात आहेत. कोणी, कधी, काय धमकी दिली ते तारखेसह लिहा. आणि मागे राहणाऱ्यांची नावं विसरू नका. डिसेंबर २०२३ मध्ये बेळगावजवळच्या नवी वंटमुरीत मुलगा-मुलगी निघून गेली आणि राग काढला तो मुलाच्या आईवर. तिला विवस्त्र करून खांबाला बांधलं. म्हणून आई-वडिलांसाठीही संरक्षण मागा, त्याच अर्जात.

कागदपत्रं थोडीच लागतात: दहावीचं मार्ककार्ड किंवा जन्मदाखला, आधार, फोटो, धमकीचे मेसेज. मूळ कागद घरच्या कपाटात अडकले असतील तर जन्मदाखल्याची नक्कल काढता येते. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या.

वयाकडे नीट बघा. मुलगी १८ च्या आत असेल तर १०९८ ला (मुलांची हेल्पलाइन) कळवा. कर्नाटकाने २००६ च्या बालविवाह कायद्यात केलेल्या दुरुस्तीमुळे असं लग्न मुळातच रद्द ठरतं. तिला पळवून नेणाऱ्या मुलावर पोक्सो (बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) लागू शकतो, तो भाग वेगळा. मुलगा २० वर्षांचा असला तरी कायद्याच्या लेखी तो बालविवाहच. त्यामुळे देवळात हार घालून संरक्षण मागायला गेलात तर उलट अडचण होते. दोघं १८ च्या पुढची आहेत एवढ्यावरही संरक्षण मागता येतं. लग्न मुलगा २१ चा झाल्यावर.

विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणार असाल तर ३० दिवसांची नोटीस ऑफिसात लागते. दोघांपैकी एकाचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते. म्हणजे कोल्हापुरात नोटीस दिली तरी बातमी बेळगावला पोचू शकते. ‘आम्हाला पसंत नाही’ हा मात्र हरकतीचा आधार होत नाही.

ठाण्यात दाद मिळाली नाही तर हायकोर्ट: इकडच्यांना कर्नाटक हायकोर्टाचं धारवाड खंडपीठ, कोल्हापूरकडे राहत असाल तर ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं तिथलं सर्किट बेंच. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर १५१०० ला फोन करा. मोफत विधी सहाय्यासाठी महिलांना उत्पन्नाची अट नाही. हद्दीचं कारण सांगून तक्रार परत पाठवली, तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असो, त्याच ठाण्यात नोंदवून घ्यायचा एफआयआर. १ जुलै २०२४ पासून तो नव्या फौजदारी संहितेतच (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आहे.

शेवटी भाषेचं. तक्रार लिहून घेतली जाईल ती बहुधा कन्नडमध्ये. ती वाचून दाखवणं आणि एफआयआरची प्रत फुकट देणं हे ठाण्याचं काम आहे. कन्नड येत नसेल तर मराठीत अर्थ सांगायला लावा, मग सही करा.