निकाली दाव्यांच्या फायलींतून रुग्णसुरक्षा

उपचारांत चूक झाली तर दोषी कोण, हा प्रश्न फार जुना आहे. हम्मुराबीच्या संहितेनुसार शस्त्रक्रियेत प्रतिष्ठित व्यक्ती दगावल्यास वैद्याचे हात तोडले जात. गुलाम दगावल्यास मात्र त्याच्या बदल्यात दुसरा गुलाम दिला की भागत असे. चूक कशी घडली, याच्याशी त्या कलमांना कर्तव्य नव्हते.

इंग्लंडमधील १७६७ च्या स्लेटर खटल्यात हा प्रश्न थोडा पुढे सरकला. जुळत आलेले पायाचे हाड पुन्हा मोडून, रुग्णाची संमती न घेताच, त्याच्या पायाला दाते असलेले जड पोलादी यंत्र बसवण्यात आले होते. ज्यूरीने ५०० पौंडांची भरपाई दिली आणि न्यायालयाने इतर शल्यचिकित्सकांची रीत हे प्रमाण मानले. १९५७ च्या बोलम खटल्याने ती कसोटी पक्की केली: जाणकार तज्ज्ञांच्या एखाद्या गटाला मान्य असलेल्या पद्धतीने उपचार झाले असतील, तर तो निष्काळजीपणा नव्हे. डॉक्टरांना मोजण्याची पट्टी अशा रीतीने बहुतांशी डॉक्टरांच्याच हाती राहिली.

अमेरिकेत १९७० च्या दशकात दावे आणि डॉक्टरांच्या विम्याचे हप्ते इतके वाढले की, कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये वेदना व मनस्तापापोटीच्या भरपाईवर २,५०,००० डॉलरची मर्यादा घातली. हा उपाय पैशांपुरताच होता. खरा बदल भूलशास्त्रात झाला. १९८५ च्या सुमारास अमेरिकी भूलतज्ज्ञांच्या संघटनेने विमा कंपन्यांकडील निकाली निघालेल्या दाव्यांच्या फायली एकत्र करून वाचायला घेतल्या. एकमेकांवर दोष ढकलण्यासाठी जमवलेले हे कागद अभ्यासाला उपयोगी पडावेत, हे तसे नवलच. सुमारे एक तृतीयांश दावे श्वसनातील बिघाडाचे निघाले. काहींत श्वासासाठी घातलेली नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली होती आणि ते वेळीच लक्षात आले नव्हते. रक्तातील ऑक्सिजन दाखवणारे पल्स ऑक्सिमीटर आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे उपकरण लावले असते, तर यांतील बरेच अपघात टळले असते, असे परीक्षकांचे मत पडले. भूल देताना सतत देखरेख ठेवण्याचे मानदंड १९८६ मध्ये आलेच होते. पुढे ही उपकरणे सर्रास वापरात आली आणि भूलतज्ज्ञांचे हप्तेही उतरले.

उपचारांत इजा झालेल्यांपैकी न्यायालयापर्यंत पोहोचणारे मात्र मोजकेच असतात. न्यूयॉर्क राज्यातील रुग्णालयांच्या १९८४ च्या तीस हजारांहून अधिक केसपेपरांची तपासणी करणाऱ्या हार्वर्डच्या अभ्यासात ३.७ टक्के रुग्णांना उपचारांमुळे इजा झाल्याचे दिसले. निष्काळजीपणामुळे झालेल्या इजांपैकी दाव्यापर्यंत गेलेल्या २ टक्क्यांहूनही कमी होत्या. अमेरिकेत वर्षाला ४४,००० ते ९८,००० मृत्यू अशा चुकांमुळे होत असावेत, हा १९९९ च्या अहवालातील गाजलेला अंदाज अशाच पाहण्यांवर बेतलेला होता. त्यातील आकड्यांवर वाद झाले, परंतु दोष माणसापेक्षा कामाच्या रचनेत शोधावा, हे त्याचे म्हणणे टिकले.

न्यूझीलंडने १९७४ पासून दोष सिद्ध न करताच भरपाई देण्याची वाट धरली होती. अमेरिकेने २००५ मध्ये वेगळा मार्ग निवडला: चुकांविषयी रुग्णसुरक्षा संस्थांकडे स्वेच्छेने पाठवलेले अहवाल सहसा न्यायालयात मागवता येऊ नयेत, असा कायदा केला. मूळ केसपेपरला मात्र हे संरक्षण नाही; दावा लावणाऱ्या रुग्णाचा आधार बव्हंशी तोच असतो.