वक्त्याच्या डोक्यातून भिंतीवर

प्रेझेंटेशन करायचे म्हटले की आज आधी लॅपटॉप उघडला जातो. काय बोलायचे हे ठरण्याआधी स्लाइडचा रंग ठरतो. ही सवय जेमतेम तीन-चार दशकांची. चारचौघांसमोर उभे राहून आपले म्हणणे पटवून देण्याची विद्या मात्र अडीच हजार वर्षांची आहे.

तिचा उगम सिसिलीतल्या सिराक्यूझ शहरात झाला, असे परंपरा मानते. इ.स.पू. पाचव्या शतकात तिथली जुलमी राजवट कोसळली. बळकावलेल्या जमिनी परत मिळवायला लोक न्यायालयात उभे राहू लागले आणि बाजू कशी मांडावी हे शिकवणाऱ्यांना मागणी आली. कोरॅक्स आणि टिसियस ही त्यांतली सर्वांत जुनी नावे. पुढे रोमनांनी वक्त्याच्या कामाचे पाच भाग पाडले: मुद्दे शोधणे, त्यांची मांडणी, शब्दयोजना, स्मरण आणि प्रत्यक्ष सादरीकरण. वक्तृत्वात सर्वांत महत्त्वाचे काय, या प्रश्नाला ग्रीक वक्ता डेमॉस्थेनिसने पहिले, दुसरे आणि तिसरे स्थानही सादरीकरणालाच दिले, असे रोमन वक्ता सिसेरो सांगतो.

मला मात्र चौथा भाग, स्मरण, कळीचा वाटतो. ओळखीच्या घरातून मनातल्या मनात फिरायचे, एकेका दालनात एकेक मुद्दा ठेवायचा आणि बोलताना त्याच क्रमाने तो उचलायचा, अशी ती युक्ती होती. भाषणाचा सांगाडा वक्त्याच्या डोक्यात राही. श्रोत्यांपुढे यायचे ते अंगाने भरलेले भाषण.

चित्राची सोबत फार उशिरा मिळाली. क्रिस्तियान हॉयगेन्सने 1659 च्या सुमारास जादूचा कंदील बनवला आणि काचेवरची चित्रे भिंतीवर उमटू लागली. विल्यम प्लेफेअरने 1786 मध्ये व्यापाराचे आकडे रेषा आणि स्तंभांत मांडले. शब्दांनी जे सांगता येत नाही, ते दाखवण्यासाठी ही साधने होती.

इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने 1813 मध्ये, वयाच्या 21 व्या वर्षी, एका मित्राला लिहिलेल्या पत्रांत व्याख्यान कसे असावे याचा बारकाईने विचार केला आहे. सभागृहात हवा खेळती हवी, आकृती ओबडधोबड असली तरी उपयोगी पडते, आणि वक्त्याने शक्यतो श्रोत्यांकडे पाठ फिरवू नये. पुढे 1825 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने शुक्रवारची व्याख्याने सुरू केली, ती या तयारीनिशी. पाठ न फिरवण्याची ती सूचना आज जितकी मोडली जाते, तितकी क्वचितच दुसरी एखादी मोडली जात असेल.

त्याचे कारण विसाव्या शतकात सापडते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने प्रशिक्षणासाठी ओव्हरहेड प्रोजेक्टर, म्हणजे पारदर्शक फिल्मवरचा मजकूर भिंतीवर पाडणारे यंत्र, वापरला, मग तो वर्गांत आणि कचेऱ्यांत पोहोचला. त्यावरच्या पारदर्शक फिल्म तयार करणे वेळखाऊ होते. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी नेमक्या याच कामासाठी पॉवरपॉइंट लिहिले. एप्रिल 1987 मध्ये ते मॅकिंटॉशसाठी बाजारात आले, तेही कृष्णधवल. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने 1.4 कोटी डॉलरला ते बनवणारी कंपनी विकत घेतली. आता मुद्द्यांची यादी काही मिनिटांत भिंतीवर चढू लागली. वक्त्याच्या डोक्यातला सांगाडा श्रोत्यांसमोर उघडा पडला आणि स्मरणाचे काम संपले. वक्ता वळून भिंत वाचू लागला.

याची सर्वांत दुःखद नोंद 2003 मधली आहे. कोलंबिया यान अवकाशात असतानाच, उड्डाणावेळी सुटलेल्या फोमच्या तुकड्याने पंखाला किती इजा केली असेल, याचे सादरीकरण नासात झाले. एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. तळाशी, उपमुद्द्यांच्या उतरंडीत, खरी गोष्ट होती: आधीच्या चाचणीतला तुकडा 3 घनइंचांचा आणि प्रत्यक्षातला अंदाजे 1920 घनइंचांचा, म्हणजे 640 पट. चाचण्यांवरून या आघाताबद्दल काही म्हणणे कठीण होते, पण स्लाइडच्या रचनेने ते वाक्य सर्वांत खालच्या पायरीवर बसवले. 1 फेब्रुवारीला यान परतताना फुटले आणि सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइडवर विसंबण्याच्या सवयीवर स्पष्ट बोट ठेवले. अपघाताची कारणे अनेक होती, पण त्या स्लाइडकडे पाहताना अजूनही पोटात कालवते.

प्रतिक्रिया उमटल्याच. ॲमेझॉनने 2004 मध्ये वरिष्ठांच्या बैठकींतून पॉवरपॉइंट हद्दपार केले. तिथे सलग गद्यातले टिपण सुरुवातीला सगळे शांतपणे वाचतात. टोकियोत 2003 मध्ये सुरू झालेल्या पेचाकुचा या सादरीकरणाच्या प्रकाराने वेगळी वाट धरली: 20 स्लाइड, प्रत्येकी 20 सेकंद, एकूण 6 मिनिटे 40 सेकंद. स्लाइड आपोआप पुढे सरकते, वक्त्याला ती थांबवता येत नाही. त्यामुळे काय बोलायचे ते त्याला पुन्हा डोक्यात घेऊनच उभे राहावे लागते.