तांब्याच्या रिव्हेटसाठी हत्यारं घेताना

बेंदूर जवळ आला की घुंगरपट्ट्यांची कामं निघतात, आणि एरवीही कमरपट्टे, बॅगांचे बंद, कुत्र्यांचे पट्टे यांसाठी तांब्याचे रिव्हेट (कातड्याचे थर जोडणारे खिळे) मागणारं गिऱ्हाईक आमच्याकडे वर्षभर असतं. रिव्हेट घेऊन जाणाऱ्यांपैकी बरेच जण पुढच्या आठवड्यात हत्यार विचारायला परत येतात. त्यांच्यासाठी, आणि पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी हे माहितीपत्रक.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. कोल्हापुरी चपलेला रिव्हेट मारू नका. तिची शिवण चामड्याच्या वादीची, खिळ्याचं काम तिच्यात नाही. २०१९ साली तिला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं तेही या हातकामाला धरूनच. आम्ही बोलतोय ते बाकीच्या चामडी कामाबद्दल.

तांबंच का? हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्यात लोखंडाचा खिळा मारला आणि ओल लागली की भोवती निळसर काळा डाग पडतो. टॅनिन (सालीतलं कातडं कमावणारं द्रव्य) आणि लोखंड एकत्र आले की हे होणारच, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल टळत नाही. तांब्याने तो डाग पडत नाही. तेल-चरबीमुळे त्याच्यावर कधी हिरवट मेणासारखा थर येतो. कोरड्या फडक्याने पुसला की गेला.

तांब्याच्या रिव्हेटचे दोन भाग: चपट्या डोक्याचा भरीव दांडा आणि त्यावर घट्ट बसणारा वॉशर. नंबर उलटे चालतात, म्हणजे नंबर मोठा तर दांडा बारीक. ९ नंबरचा दांडा साधारण पावणेचार मिलिमीटर, १२ नंबरचा पावणेतीन. पट्ट्याला आणि बैलाच्या सामानाला ९, पाकिटाला आणि हलक्या बॅगेला १२. टोपीचे किंवा पोकळ रिव्हेट हा वेगळा प्रकार आहे, त्याची हत्यारं इथे चालणार नाहीत.

पैसे कुठे घालायचे?

सेटरवर. हातोडी घरात असते, ऐरणीऐवजी जाड लोखंडी ठोकळा चालतो (कोल्हापूरच्या उद्यमनगरात भंगारवाल्याकडे रेल्वेच्या रुळाचा तुकडा मिळाला तर उत्तमच), पण सेटर चुकीचा निघाला की रिव्हेट, वॉशर आणि कातडं, तिन्ही वाया जातात.

सेटर म्हणजे पोलादी दांडी. तिच्या तोंडावर एक खोल भोक असतं आणि शेजारी एक उथळ वाटी. भोकाने वॉशर खाली बसवायचा, वाटीने शेवटी डोकं गोल करायचं. घेताना तुमचा रिव्हेट त्या भोकात घालून बघा. दांडा सहज आत जायला हवा, पण हलवला तर डगडगता कामा नये. भोक सैल असेल तर ठोकताना वॉशर मधोमध खचतो आणि दांड्याला कडेने चरे पडतात.

बहुतेक जण बघतात ती भोकाची रुंदी. खोली कुणी बघत नाही, आणि खरी अडचण तिथेच येते. पंचवीस मिलिमीटर लांब रिव्हेट घेतला, पट्टा सहा मिलिमीटर जाड, तर वर एकोणीस मिलिमीटर दांडा उरतो. सेटरचं भोक पंधराच मिलिमीटर खोल असेल तर दांडा तळाला टेकतो, वॉशर वरच अडकून राहतो, आणि तुम्ही कितीही जोर लावा, दांडा आत कातड्यातच वाकतो. वरून काही दिसत नाही. पट्टा महिनाभर वापरला की सांधा हलायला लागतो. असा उथळ सेटर गळ्यात पडलाच असेल तर दांडा आधी थोडा छाटून मग वॉशर चढवा.

सेटर करूनही घेता येतो. बारा मिलिमीटरच्या इएन-८ (कडक करता येणाऱ्या पोलादाच्या) सळईचा बोटभर तुकडा कोणत्याही लेथवाल्याकडे न्या. ९ नंबरसाठी चार मिलिमीटरचं आणि १२ साठी तीनचं भोक, पंचवीस मिलिमीटर खोल. कडक करायचंच तर फक्त काम करणारं टोक करा. हातोडीचा घाव पडतो ते टोक मऊच राहू द्या, नाहीतर कडक पोलादावर कडक पोलाद आपटून कपची उडते.

बाकी हत्यारं

भोक पाडायचा पंच दांड्यापेक्षा किंचित लहान घ्या: ९ ला साडेतीन, १२ ला अडीच मिलिमीटर. कातडं ताणलं जातं आणि दांडा घट्ट बसतो. हातोडी बॉलपीन, म्हणजे एका बाजूने गोल तोंडाची, साधारण तीनशे ग्रॅमची. लाकडी किंवा प्लास्टिकच्या हातोड्याने तांबं पसरत नाही. कटर समोरून चावणारा घ्या. आडव्या पकडीने कापलं की टोकाला डोंगर राहतो आणि डोकं तिरपं होतं. कापताना तुकडा गोळीसारखा उडतो, म्हणून कटरवर बोट धरा आणि डोळ्यांना चष्मा लावा.

वॉशर पूर्ण बसला की हातोडीचा आवाज बदलतो. मऊ थप थप थांबून टणक टक ऐकू येतो. तिथे थांबा, अजून ठोकलंत तर कातडं दबून काठ वर येतो. मग दांडा छाटा. वॉशरवर ९ नंबरला दोन मिलिमीटर, १२ ला दीड उरू द्या. जास्त ठेवला तर पसरण्याऐवजी वाकतो, कमी ठेवला तर डोकंच होत नाही. बॉलपीनच्या गोल बाजूने कडेकडेने हलके घाव घालत तांबं बाहेर सरकवा, आणि मग वाटी ठेवून दोन-तीन ठोके. कडेला चिरा दिसल्या तर तांबं कडक झालेलं आहे. पुढचे रिव्हेट गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवून गार करा आणि वरचा काळा थर चिंचेच्या कोळाने काढा.

चुकून वाकडा बसलेला रिव्हेट ओढून काढू नका, भोक फाटतं. वरचं डोकं कानशीने घासा, वॉशर सुटला की दांडा खालून बाहेर ढकला.

सेटर घ्यायला येताना तुमचे रिव्हेट आणि त्याच कातड्याचे दोन तुकडे घेऊन या. काउंटरवर ठोकळा ठेवलेला आहे. ठोकून बघा, पटलं तरच घ्या.