तीन ठिपक्यांचं रानडुक्कर

माझा भाचा टेक्सासात असतो. सॅन अँटोनिओच्या बाहेर त्याच्या मित्राच्या वडिलांची पेकनची (अक्रोडासारख्या कवचाच्या फळाची) बाग आहे आणि रात्री तिथे रानडुकरं येऊन जमीन नांगरल्यासारखी उकरून ठेवतात. टेक्सासात हा नुसता हौसेचा मामला राहिलेला नाही. स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं आणि पुढे शिकारीसाठी सोडलेली युरोपी रानडुकरं यांची ही मिसळलेली प्रजा आता लाखोंच्या घरात आहे. २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने, ती मारायला शिकारीचा परवानासुद्धा लागत नाही. तर भाच्याचा मेसेज आला: “मामा, थर्मल स्पॉटर घ्यायचाय. नवा २५६ चा घेऊ की कुणीतरी वापरलेला ३८४ चा? दोन्ही साधारण एकाच भावात मिळतायत. नव्यावर लिहिलंय, १२०० मीटरपर्यंत दिसतं.” पाठोपाठ दुसरा मेसेज: “आईला सांगू नकोस.”

शिकारीबद्दलचं माझं मत त्याने विचारलं नव्हतं, त्यामुळे ते मी दिलं नाही. पण १२०० मीटर हा आकडा डोक्यात बसला. थर्मल स्पॉटर म्हणजे अंगच्या उबेवरून प्राणी अंधारात दाखवणारी हातातली दुर्बीण, आणि २५६ किंवा ३८४ म्हणजे तिच्या सेन्सरच्या एका आडव्या ओळीतले पिक्सेल.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. सिनेमात सैनिकांना रात्री हिरवंगार चित्र दिसतं ते थर्मल नव्हे. त्या दुर्बिणीला चांदण्यांचा का होईना, थोडा उजेड लागतो आणि ती तोच वाढवून दाखवते. थर्मलला बाहेरून काही लागत नाही, कारण इथे दिवा म्हणजे प्राणी स्वतःच. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लाल होतं, मग पिवळट. वस्तू जितकी गरम, तितकी तिच्या प्रारणाची तरंगलांबी कमी. लोखंड थंड होत गेलं की त्याचा उजेड लालच्याही पलीकडे, अवरक्तात (इन्फ्रारेडमध्ये) सरकतो, पण थांबत नाही. आपल्या अंगातून निघणाऱ्या या ‘उजेडा’चा जोर ९ ते १० मायक्रॉनच्या आसपास असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डोळ्याला दिसणारा प्रकाश ०.४ ते ०.७ मायक्रॉनचा. सुदैवाने ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात हवा बऱ्यापैकी पारदर्शक आहे. तसं नसतं तर हा सगळा धंदाच उभा राहिला नसता.

आता माझ्या आवडीची गोष्ट. हा उष्मा पकडायचा कसा? स्पॉटरमधल्या सेन्सरला मायक्रोबोलोमीटर म्हणतात. त्याचा एकेक पिक्सेल म्हणजे दोन बारीक पायांवर टेकवलेली एक सूक्ष्म बाज समजा. बाजेची रुंदी १२ किंवा १७ मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. तिच्यावर व्हॅनेडियम ऑक्साइडचा पातळ थर असतो. हा पदार्थ एक अंशाने तापला की त्याचा विद्युतरोध सुमारे २ टक्क्यांनी घटतो. बाजेखाली साधारण अडीच मायक्रॉनवर आरसा असतो. अडीचच का? दहा मायक्रॉनच्या लहरीचा तो चौथा हिस्सा. वरून निसटलेली लहर आरशावरून परतते आणि परतीच्या वाटेवर बाजेत अडकते.

बाजेचे पाय लांब आणि बारीक ठेवतात, म्हणजे आलेली ऊब जमिनीत लगेच झिरपत नाही. पण फारच बारीक केले तर ऊब निघेचना आणि पळत्या डुकरामागे शेपटासारखं चित्र ओढलं जातं. कपातला चहा आणि बशीतला चहा, तसला हा हिशेब आहे. सर्वसाधारण तडजोड १० मिलिसेकंदांच्या आसपास होते. आणि हे सगळं निर्वात पोकळीत, कारण भोवती हवा असेल तर तीच ऊब चोरून नेईल.

आता आकडे बघा. समोरचं दृश्य एक अंशाने गरम झालं, तर चांगल्या भिंगामागची ही बाज तापते ढोबळमानाने ०.००५ अंशाने. माहितीपत्रकात ‘एनईटीडी ४० मिलीकेल्विन’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे ०.०४ अंशाचा फरकही गोंगाटातून वेगळा काढता येतो. तेव्हा बाजेचं स्वतःचं तापमान बदललेलं असतं ०.०००२ अंशाने, आणि रोध बदललेला असतो दहा लाखांत चार भाग. हे मोजायचं, प्रत्येक पिक्सेलसाठी, सेकंदाला पंचवीस ते पन्नास वेळा. साध्या तापमानाला, कसलंही थंड करणारं यंत्र न लावता. १९८० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या पैशावर हनीवेल या कंपनीत हे घडलं आणि १९९२ पर्यंत ते गुप्त होतं. आज ते काही शे डॉलरांत मिळतं. मला अजूनही खरं वाटत नाही.

वापरताना मधूनमधून ‘टक्’ असा आवाज येतो, तोही याच भानगडीचा. स्पॉटरचा डबा स्वतः तीस अंशांवर असतो, म्हणजे तोही प्रारण सोडतोच, आणि प्रत्येक बाज शेजारणीपेक्षा किंचित वेगळी वागते. म्हणून मधेच एक झडप पडते. सगळे पिक्सेल त्या एकसारख्या उबेच्या पडद्याकडे बघतात, आपापली चूक नोंदवतात, आणि झडप उघडते.

भिंगही साधं चालत नाही. काच या लहरींना आडवी येते. एका प्रयोगशाळेत मी असा कॅमेरा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा समोरच्या सहकाऱ्याचा चेहरा पांढराशुभ्र आणि त्यावर काळेकुट्ट गॉगल दिसले. तो होता नेहमीचा नंबरचा चष्मा! म्हणून भिंग जर्मेनियमचं करतात. हा धातुसदृश पदार्थ महाग आहे आणि २०२३ पासून चीनने त्याच्या निर्यातीवर नियंत्रण आणल्यावर आणखी अडचणीचा झाला.

‘थर्मलमधून भिंतीपलीकडचं दिसतं’ हा समज त्या चष्म्यातच निकालात निघतो. खिडकीची काचही त्याच्यासाठी भिंतच आहे, वर तिच्यात आपलंच प्रतिबिंब उमटतं. रात्री पडक्या वाड्यात जाऊन थर्मलवर ‘आकृती’ टिपणारे जे व्हिडिओ फिरतात, त्यांत बहुतेकदा शूटिंग करणाराच काचेत किंवा गुळगुळीत पत्र्यात दिसत असतो. भिंतीवर तळहात दाबून उचला, पंजा काही क्षण तसाच चमकत राहतो. त्याला ‘निगेटिव्ह एनर्जी’ म्हणायचं असेल तर माझ्या घरात ती रोज चहाच्या कपाखाली उमटते. जुन्नरकडे बिबट्या शोधायला थर्मल ड्रोन उडवले जातात तेव्हाही हेच लक्षात ठेवायचं. उसाची पातही आड येते. पानांच्या फटीतून जे दिसेल तेवढंच दिसेल.

आता ते १२०० मीटर. नव्या स्पॉटरचा पिक्सेल १२ मायक्रॉनचा, भिंगाची केंद्रलांबी (फोकल लेंग्थ) २५ मिलिमीटर. एकाला दुसऱ्याने भागा आणि अंतराने गुणा: १०० मीटरवर एक पिक्सेल ४.८ सेंटिमीटर जागा व्यापतो, १२०० मीटरवर सुमारे ५८. कंपन्या बहुधा १.८ मीटर उंचीचं लक्ष्य धरतात, म्हणजे उभा माणूस. तो तिथे भरतो तीन पिक्सेल! १९५८ मध्ये अमेरिकी लष्करासाठी जॉन जॉन्सन यांनी जे निकष काढले, त्यांनुसार ‘काहीतरी आहे’ एवढं कळायला दोन पिक्सेल पुरतात, प्रकार कळायला आठ लागतात आणि नक्की ओळख पटायला सुमारे तेरा. माहितीपत्रक पहिल्या पायरीचं बोलतं. साठ सेंटिमीटर उंचीच्या डुकराचा प्रकार कळायला १५० मीटरच्या आसपास यावं लागेल आणि ते शेजाऱ्याचं वासरू नाही याची खात्री शंभराच्या आत.

भाच्याला मिळणारा जुना स्पॉटर १७ मायक्रॉन पिक्सेलचा, ३५ मिलिमीटर भिंगाचा. भागाकार केला तर तपशील जवळजवळ तोच! २५६ आणि ३८४ मधला फरक वेगळाच निघतो. ओळीत पिक्सेल जास्त, तेवढं दृश्य रुंद: नव्यात एका वेळी ७ अंशांच्या कोनात मावेल एवढं शेत दिसतं, जुन्यात पावणेअकरा. स्पॉटर हा शोधायला असतो, नेम धरायला नाही. सात अंशांतून रानभर शोधणं म्हणजे नळीतून जत्रा बघणं. मी जुन्याच्या बाजूने कौल दिला, मात्र अटी घालून.

विकणाऱ्यासमोर स्पॉटर चालू करून झाकण लावायचं. पडदा एकसारखा राखाडी दिसायला हवा. जागचे न हलणारे ठिपके म्हणजे मेलेले पिक्सेल. वाकडी चमकदार रेघ असेल तर कुणीतरी तो सूर्याकडे धरला होता, आणि ती जखम बहुधा भरत नाही. जर्मेनियमवरचा लेप तिरप्या उजेडात बघायचा, कारण तो खरवडला असेल तर मुळात चकचकीत असलेलं जर्मेनियम बरीच ऊब परत फेकतं. नंतर भिंतीवर पंजा दाबायचा. पंजाची बोटं झटकन पुसट होत असतील तर सेन्सरची संवेदनशीलता घटलेली असू शकते, कदाचित पोकळीत हवा शिरली असेल. बॅटरी बदलता येते का, हेही विचारायचं. आणि ९ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला नऊच चित्रं दाखवणारा असेल तर फुकट मिळाला तरी नको. निर्यात नियमांतून सुटण्यासाठी तसे बरेच बनवले गेले, पण त्यात पळतं डुक्कर उड्या मारत जातं.

पाऊस पडून गेल्यावर चाचणी घेऊ नकोस, हेही कळवलं. ओलं रान सगळं एकाच तापमानाला येतं आणि चांगला स्पॉटरही आंधळा वाटतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला थोडा वेळ असाच जातो, प्राणी आणि दगड सारखेच उबदार.

त्याने जुना घेतला. आता विचारतोय, दिवाळीला येताना सोबत आणू का, तुला बघायला. मोह झाला, पण नको म्हटलं. असली वस्तू अमेरिकेबाहेर न्यायला तिथले निर्यात नियम आड येतात, परवान्याची भानगड असते. शिवाय विमानतळावर ताई घ्यायला येणार आणि बॅग तीच उघडणार.