चंद्राच्या कला आणि चंद्रग्रहण: सावलीला उगाच दोष नको

मुलांसाठीचं खगोलशास्त्राचं सोपं पुस्तक हातात आलं की मी आधी चंद्राचं पान काढते. ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र लहानमोठा दिसतो’ असं वाक्य दिसलं, की पुस्तक परत जागेवर. छपाई कितीही गुळगुळीत असो.

ग्रहण बहुतेकांना नीट माहीत असतं. पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत आले, की चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि काही तासांत बाहेर पडतो. झालं.

घोटाळा कलांचा आहे. तिथे सावलीचा काडीचाही संबंध नाही. चंद्राचा सूर्याकडचा अर्धा गोल उजळलेलाच असतो. त्यातला किती भाग आपल्या बाजूला आलाय, एवढंच साडेएकोणतीस दिवसांत बदलत जातं. पटत नाही? शुद्ध अष्टमीला दुपारी चारच्या सुमारास आकाश बघा. पश्चिमेकडे सूर्य, पूर्वेकडे अर्धा चंद्र. पृथ्वीची सावली सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, म्हणजे त्या वेळी क्षितिजाच्या खाली. मग वरचा चंद्र अर्धा कापला कुणी? शिवाय ती कडा पाहा, जवळजवळ सरळ. गोल पृथ्वीच्या सावलीची कड नेहमी वळलेलीच असते.

‘मग दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही?’ हा प्रश्न एखादं पोर विचारतंच, आणि पुस्तकातली चित्रं इथेच दगा देतात. त्यांत चंद्र पृथ्वीला अगदी चिकटलेला असतो. खऱ्या प्रमाणात पृथ्वी १२ सेंमीचा चेंडू धरली, तर चंद्र साधारण सव्वातीन सेंमीचा आणि तब्बल ३.६ मीटर लांब! तिथवर पोचणारी गडद सावली जेमतेम ९ सेंमी रुंद. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली, त्यामुळे तो सावलीच्या मध्यापासून ३० सेंमीपर्यंत वरून किंवा खालून निसटतो. खोलीत चेंडू आणि गोटी मांडून दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे.

कोरीच्या पोटात चांदणी काढणाऱ्या चित्रकारांवरही माझा राग आहे. ती जागा रिकामी नसते, तिथे चंद्रच असतो! तृतीयेच्या संध्याकाळी कोरीला लागून उरलेली थाळी फिकट राखाडी दिसते. तिच्यावर पृथ्वीवरून परतलेला सूर्यप्रकाश पडलेला असतो. ज्या भागावर आपण पृथ्वीची सावली पडली म्हणतो, तोच तिच्या उजेडात दिसत असतो.